रेव्हरंड टिळकांचे बिऱ्हाड

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हटले की आपल्या पिढीला शाळेतली ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आठवते. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख पक्की आहे. ते पाळक होते, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू होते, हेही बहुतेकांना माहीत असते. पण पाळकाचे घर कसे चालते, आज या गावात तर उद्या त्या गावात बिऱ्हाड मांडताना घरातल्या माणसांचे काय होते, याचा विचार सहसा कोणी करत नाही. या लेखात आम्ही तेवढाच भाग घेतला आहे. बेळगावकरांना हा विषय अगदी परका वाटू नये. ‘यमुना पर्यटन’कार बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मले आणि पुढे तेही पाळक झाले.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. मुलगी जेमतेम अकरा वर्षांची. माहेरची मनकर्णिका सासरी लक्ष्मी झाली. तिच्या वडिलांचे सोवळे असे कडक, की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाही. या घरातली मुलगी पुढे कुठल्या घरात नांदणार होती, हे वाचताना वडिलांचे ते सोवळे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

टिळक एका जागी टिकणारे नव्हतेच. कधी मास्तरकी, कधी कीर्तन, कधी एखाद्या मासिकाचे संपादन. मनात आले की निघाले, घरी सांगण्याचीही गरज त्यांना वाटत नसे. बायको कधी सासरी, कधी माहेरी, तर कधी नव्या गावी त्यांच्या मागोमाग. लोक बिऱ्हाड हलवतात. इथे मुळात बिऱ्हाड होतेच किती, असा प्रश्न पडतो. आधी झालेली मुले लहानपणीच गेली. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा राहिला.

टिळक नागपूरहून राजनांदगावला गेले. या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. दोन वर्षे मनात घालमेल चालू होती. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बातमी घरी पोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला याहून अवघड काही नसावे. थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे पेंडसे यांनी त्यांना आधार दिला. त्या पंढरपुरात राहिल्या. सुमारे साडेचार वर्षे हा वियोग चालला.

टिळकांची पत्रे येत राहिली. धर्म बदलला म्हणून संसार मोडला, असे त्यांनी कधी मानले नाही. आम्हाला या दोघांबद्दल सर्वात जास्त आदर वाटतो तो या ठिकाणी. समाजाने दोघांनाही दुसरा रस्ता दाखवला होता आणि तो धरला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याकडे आल्या. आपला धर्म मात्र त्यांनी सोडला नव्हता. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळेओवळे चालू. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात बायको सोवळ्यात स्वयंपाक करते आहे, यावर शेजारीपाजारी दोन्ही बाजूंनी किती बोलले असतील!

आणि हे सोवळे हळूहळू सुटले ते कोणाच्या व्याख्यानाने नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न बाईंना स्वतःलाच पडला आणि विचार करता करता त्यांचे त्यांनीच उत्तर काढले. माणसानेच केली असेल, तर आजपासून कोणाच्याही हातचे खायचे, असे ठरले. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने पाच वर्षांपूर्वी ओलांडलेला उंबरठा त्यांनी आपल्या पायांनी, आपल्या वेळेला ओलांडला.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि राहुरीची मंडळी त्यांच्याकडे आली. नगरच्या उत्तरेला मनमाडच्या वाटेवर, मुळा नदीकाठी हे गाव आहे. नगरपासून फार लांब नाही. पण अंतर किती आहे यावर बदलीची दगदग ठरत नाही, हे ज्यांनी बदल्या केल्या त्यांना सांगायला नको. बँकेच्या नोकरीत आमच्याही पुष्कळ बदल्या झाल्या. हुकूम एकाच्या नावाने निघे, ट्रंका मात्र घरातल्या सगळ्यांच्या भरत. नव्या गावी साहेबाला खुर्ची, टेबल आणि शिपाई तयार असे. घरच्या बाईला दूधवाला, वाणी, शाळा, शेजार सगळे पहिल्यापासून शोधावे लागे. तरी आम्हाला बदलीभत्ता मिळत होता आणि नवे शेजारी पहिल्या भेटीत जात विचारून दार लावून घेत नव्हते.

पाळकाच्या बायकोचे काम तर याच्याही पलीकडचे. मंडळीत कोणी आजारी पडले, कोणाचे भांडण झाले, कोणाच्या घरी जन्म, लग्न किंवा मरण असले, की लोक पाळकाच्या दारात येत, आणि पाळक घरी नसला तर पाळकीणबाईंना सांगत. नगर जिल्ह्यातली अमेरिकन मराठी मिशनची मंडळी बहुतेक महार आणि मांग समाजांतून आलेली होती. ज्यांची सावली टाळायला लहानपणी शिकवले गेले, त्यांच्या पंगतीला बसायचे, त्यांची मुले कडेवर घ्यायची, हे ज्यांच्या माहेरी मीठ धुतले जाई त्या लक्ष्मीबाईंनी केले. दुष्काळातली पोरकी मुले त्यांनी सांभाळली, प्लेगच्या छावणीत शुश्रूषा केली. पुढे त्या कीर्तनेही करू लागल्या.

कीर्तनाचा विषय निघाला म्हणून इथे थोडे विषयांतर. टिळकांच्या आधी मराठी ख्रिस्ती उपासनेत विलायती चालींवर बेतलेली भाषांतरित गीते पुष्कळ असत. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांना उपासनेत जागा मिळवून दिली. त्यांची शेकडो गीते ‘उपासना संगीत’ या पुस्तकात आहेत आणि मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना होती. धर्म बदलला तरी भाषा आणि संस्कार त्यांनी मागे टाकले नाहीत, ही गोष्ट परराज्यात राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना लवकर पटेल.

आता पैशाचा मुद्दा. आम्ही जन्मभर खातेवह्या पाहिलेली माणसे, म्हणून स्पष्टच सांगतो, टिळकांना आम्ही कर्ज मंजूर केले नसते. पगार हातात आला की दारात उभ्या असलेल्या गरजूकडे जाई. पाहुण्यांना तोटा नसे, आणि येणारा पाहुणा किती दिवस राहील हे विचारायची सोय नव्हती. टिळक एकदम चिडत आणि तेवढ्याच एकदम निवळत. घरात महिनाअखेर कशी भागवायची हे कोडे लक्ष्मीबाईंनी सोडवायचे. त्यांनी ते सोडवले, भांडून सोडवले, आणि पुढे लिहिताना त्याच भांडणांवर स्वतःसकट सर्वांना हसवले. औदार्याचे श्रेय टिळकांना मिळते ते रास्तच आहे. पण त्या औदार्याची बाकी नावेची बाजू बाईंच्या खात्यावर पडत होती, एवढी नोंद हवी.

या घरात पाहुणे म्हणून आलेले कित्येक जण घरचेच झाले. त्यातले सर्वात नामांकित म्हणजे बालकवी ठोंबरे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झाले, तिथे हा कोवळा मुलगा चमकला. पुढे तो नगरला टिळकांकडे राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागवले. एका घरात दोन कवी म्हणजे स्वयंपाक निवेल तेव्हा दोघेही जागेवर असतील याची खात्री नाही! पण लक्ष्मीबाई स्वतःही कविता करत होत्या. १९१२ पासून टिळकांकडे ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन होते आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले.

पन्नाशी उलटल्यावर माणूस एका जागी स्थिरावतो. टिळकांनी उलट केले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचे ठरवले आणि साताऱ्याला बिऱ्हाड नेले. तिथे ‘देवाचा दरबार’ उभा केला. ख्रिस्ताला मानणारा कोणीही, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे यावा अशी त्यांची कल्पना. कल्पना मोठीच होती. पण संन्याशाला संसार असेल तर त्या संसाराने काय करावे, हे कुठल्याच धर्मग्रंथात नीट सांगितलेले नाही. लक्ष्मीबाईंनी पुन्हा भांडी बांधली आणि साताऱ्यात पुन्हा चूल मांडली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले. लक्ष्मीबाईंचे फिरणे मात्र थांबले नाही. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम, मग मुलाच्या बिऱ्हाडाबरोबर थेट कराची. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने येऊ लागली आणि १९३६ साली त्या गेल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले होते, त्याचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले. ते मागे राहिलेले काम लक्ष्मीबाईंनी उचलले. लग्नाच्या वेळी जिला अक्षरओळख नव्हती आणि जिला नवऱ्यानेच कसेबसे लिहायला-वाचायला शिकवले होते, त्या बाईने पुढचे ६४ अध्याय ओवीबद्ध लिहून काढले.