सॅम्युअल बोर्न : लखनौचा हिवाळा काचेवर उतरविणारा छायाचित्रकार

१८६४ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी, काश्मीरची सुमारे नऊ महिन्यांची मोहीम आटोपून सॅम्युअल बोर्न हा तीस वर्षांचा इंग्रज छायाचित्रकार दिल्ली, कानपूरमार्गे लखनौला पोहोचला. १८५७ च्या उठावाला तेव्हा जेमतेम सात वर्षे लोटली होती. त्याने टिपलेली लखनौची छायाचित्रे आज त्या काळातील शहराचा महत्त्वाचा दस्तऐवज मानली जातात.

बोर्नचा जन्म ३० ऑक्टोबर १८३४ रोजी इंग्लंडमध्ये झाला. नॉटिंगहॅम येथील बँकेतील नोकरी सोडून तो १८६३ च्या प्रारंभी कलकत्त्यात उतरला. पुढे चार्ल्स शेफर्ड याच्या भागीदारीतून ‘बोर्न अँड शेफर्ड’ ही विख्यात संस्था उदयास आली.

त्या काळी छायाचित्रण कष्टाचे होते. काचेवर कलोडियनचा थर देऊन ती ओली असतानाच छायाचित्र घ्यावे लागे आणि लगेच तंबूतील अंधारात त्यावर प्रक्रिया करावी लागे. उत्तर भारतातील उन्हाळ्यात हा थर झपाट्याने सुके आणि धूळ काचेवर बसे. त्यामुळे मैदानी शहरांतील कामासाठी हिवाळाच सोयीचा ठरे.

लखनौत बोर्नने रूमी दरवाजा, बडा इमामबाडा, कैसरबाग आणि तोफांच्या माऱ्याने खिळखिळी झालेली रेसिडेन्सी यांची छायाचित्रे घेतली. अवधचे नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्येच पदच्युत होऊन कलकत्त्याला गेले होते. उठाव मोडून काढल्यानंतर ब्रिटिशांनी लष्कराच्या हालचालींसाठी दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. बडा इमामबाडाही दीर्घकाळ लष्कराच्या ताब्यात राहिला. कैसरबागेचे काही भाग पुढे नामशेष झाले. त्यांचे रूप आता मुख्यतः जुन्या छायाचित्रांतच पाहावयास मिळते.

मात्र या चित्रांना मर्यादाही आहेत. बोर्नची नजर प्रमाणबद्ध वास्तू आणि रम्य देखाव्याकडे होती. घरे गमावलेले नागरिक त्यांत जवळजवळ दिसतच नाहीत. ही चित्रे विकत घेणारा वर्ग प्रामुख्याने युरोपीय होता, हेही त्यामागील एक कारण होय. लखनौचेच रहिवासी असलेल्या दरोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये ५० छायाचित्रांचा ‘लखनौ अल्बम’ प्रसिद्ध केला. त्यामुळे शहराकडे पाहणारी स्थानिक नजरही अभ्यासकांना उपलब्ध झाली.

१८६६ मध्ये बोर्नने हिमालयातील सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. इतक्या उंचीवरील छायाचित्रणाचा हा विक्रम पुढे सुमारे वीस वर्षे अबाधित राहिला. भारतातील सात-आठ वर्षांत सुमारे २,२०० छायाचित्रे टिपून १८७० मध्ये तो मायदेशी परतला. तेथे त्याने सूत व्यवसायात जम बसविला आणि जलरंगचित्रणाचा छंद जोपासला. २४ एप्रिल १९१२ रोजी नॉटिंगहॅम येथे त्याचे निधन झाले.

कलकत्त्यातील स्टुडिओला १९९१ मध्ये लागलेल्या आगीत संस्थेचा बहुमोल संग्रह भस्मसात झाला. २०१६ मध्ये हा स्टुडिओ कायमचा बंद झाला. लखनौची चित्रे मात्र त्याआधीच छापील प्रतींच्या रूपाने देशोदेशीच्या संग्रहालयांत पोहोचली होती. त्यामुळेच शहराने गमावलेल्या वास्तूंचा हा पुरावा आजही शिल्लक आहे.