खरखरीतून ऐकणारा मार्कोनी

रेडिओचा शोध कुणी लावला? शाळेत आपण सगळ्यांनीच 'मार्कोनी' असं एका शब्दात उत्तर लिहून एक मार्क खिशात टाकलेला आहे. पण मंडळी, या माणसाचं आयुष्य जरा जवळून पाहिलं तर लक्षात येतं, की खरखरीच्या ढिगातून एक बारीकसा आवाज वेगळा काढायचा आणि तो खरंच आला होता हे जगाला पटवायचं, यातच त्याची बरीच वर्षं गेली.

गुग्लिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या इथे झाला. वडील जमीनदार, आई ॲनी ही आयर्लंडची. विद्यापीठाची पदवी काही त्याने घेतली नाही. घरीच खटपट करून १८९५ मध्ये त्याने टेकडीपलीकडे बिनतारी खूण पोचवली. ती पोचल्याचं त्याच्या भावाने बंदुकीचा बार काढून कळवलं! १८९६ मध्ये आईबरोबर तो इंग्लंडला गेला, पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी कंपनी काढली.

मग त्याने अटलांटिक महासागर ओलांडायचं मनावर घेतलं. इंग्लंडमधल्या पोल्धू इथे मोठा ट्रान्समीटर उभारला, तर वादळात तिथली एरियल कोसळली. अमेरिकेतलीही कोसळली. गडी हटला नाही. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सिग्नल हिलवर पतंगाला तार बांधून तो कानाला रिसीव्हर लावून बसला. पोल्धूहून मोर्सचं 'एस' अक्षर, म्हणजे तीन टिंबं, पुन्हा पुन्हा पाठवली जात होती. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. मार्कोनीला ती ऐकू आली. मदतनीस केंपलाही आली.

गंमत पुढेच आहे. पुरावा काय? तर दोन माणसांचे कान. कागदावर काही उमटलं नव्हतं. शिवाय काय ऐकायचंय हे दोघांनाही आधीच ठाऊक होतं, आणि आकाशातली वीजही कानात कड-कट्ट करतेच की! तेव्हाच अनेकांनी शंका घेतली. वेळ भर दिवसाची होती आणि त्या लांबीच्या लहरी दिवसा लांब जात नाहीत, त्यामुळे आजही काही अभ्यासक शंका घेतात. ऐकायला वापरलेल्या पाऱ्याच्या उपकरणाचाही वाद आहे. तशाच उपकरणाचं वर्णन आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं.

मार्कोनी नुसता वाद घालत बसला नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये 'फिलाडेल्फिया' या जहाजावर त्याने कागदी पट्टीवर टिंबं-रेघा उमटवणारं यंत्र लावलं. रात्री सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत पूर्ण संदेश उमटले, नुसतं 'एस' तर त्याहून लांबवर. दिवसा मात्र सुमारे १,१०० किलोमीटरवर सगळं थांबलं. म्हणजे त्याच्याच पट्टीने त्याचा दावा बळकट केला आणि दिवसाबद्दलची शंकाही वाढवली.

मग त्या वेळी आजच्यासारखा फिल्टर का नाही लावला? आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हा प्रश्न पडतोच. खरखर सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेली असते. माणसाच्या बोलण्याला साधारण २,५०० हर्ट्झची खिडकी लागते, मोर्सला २५० पुरते. खिडकी दहापट अरुंद केली की खरखरही दहापट कमी आत येते आणि दबलेली टिंबं वर येतात. फार अरुंद केली तर मात्र फिल्टर घंटेसारखा घुमतो, टिंबं एकमेकांत मिसळतात. पण १९०१ ची लाट ठिणगीची. तीच मुळात ऐसपैस पसरलेली, तिला अरुंद खिडकीतून कसं आणणार? १९०७ च्या सुमारास मार्कोनीने फिरत्या चकतीने ठिणग्या नियमित केल्या, तेव्हा सिग्नलला एक सूर आला. भर बाजारातही सनईचा सूर आपला कान बरोबर उचलतो ना, तसाच ऑपरेटरचा कान तो सूर खरखरीतून उचलू लागला. पुढे व्हॉल्व्हमुळे एकाच फ्रिक्वेन्सीची सलग लाट मिळाली आणि अरुंद फिल्टरचा रस्ता मोकळा झाला.

१९०९ मध्ये त्याला ब्राउन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडताना त्याच्याच कंपनीच्या ऑपरेटरांनी मदतीची हाक दिली आणि सातशेहून अधिक जीव वाचले. १९२७ मध्ये त्याची लघुलहरींची 'बीम' सेवा इंग्लंड आणि भारत यांच्यात सुरू झाली, आणि ती कुठे? आपल्या पुणे जिल्ह्यात! संदेश खडकीहून जायचे आणि विलायतेहून आलेले दौंडला ऐकले जायचे. रेल्वे जंक्शन म्हणून ठाऊक असलेल्या दौंडचं हे रूप आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल?

एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला आणि मानाची पदंही त्याने घेतली. इतकं मोठं काम केलेल्या माणसाचा हा भाग वाचताना वाईट वाटतं, पण तोही त्याच्याच चरित्राचा भाग आहे. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचं निधन झालं, तेव्हा ठिकठिकाणच्या रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं शांतता पाळली.

आपल्या कतारचं नावही या गोष्टीत जोडलं गेलं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या 'एस-हेल-२' या कतारी उपग्रहावर हौशी रेडिओवाल्यांसाठी खास सोय ठेवली गेली, भूस्थिर कक्षेतली जगातली पहिलीच. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या या उपग्रहाच्या टापूत आपलं लुसैलही येतं आणि पुणेही. त्याच्या अरुंद पट्ट्यात मोर्सला मुद्दाम जागा राखलेली आहे. मुलांना त्यातली टिंबं एकदा जरूर ऐकवा. आधी फिल्टर उघडा ठेवून, मग अरुंद करून. आणि काय ऐकू येणार आहे ते त्यांना आधी सांगू नका. ऐकलेलं कागदावर लिहू द्या, मग ताडून पाहा.