विणकामाची पिशवी

मंडळाच्या सभेत मी नातवाचे टोपडे विणू लागले की काही भगिनी नाक मुरडतात. त्यांना मी श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट यांचे नाव सांगते. जन्म १८८४ चा. दहा वर्षे पुरी होण्याआधीच आईबाप अंतरले. पुढे सहा मुले झाली. पैकी एक १९०९ साली तान्हेपणीच गेले. ते दुःख आईच जाणे! १९३३ ते १९४५ पती अमेरिकेचे अध्यक्ष; पण बाईंची विणकामाची पिशवी प्रवासात, सभांतसुद्धा बरोबर असे. घरच्या लहानग्यांसाठी त्या विणीतच असत. मानवी हक्कांचा १९४८ चा जाहीरनामा ज्या आयोगाने सिद्ध केला, त्याच्या अध्यक्षा याच. १९५२ साली त्या आपल्याकडेही येऊन गेल्या; १९६२ साली निवर्तल्या. माझे टोपडे मात्र अजून अर्धेच आहे.