तिकीट गावाचं, आवाजही गावाचा

निवडणुका जवळ आल्या की चहाच्या टपरीपासून हळदीकुंकवापर्यंत एकच शब्द कानावर पडतो, ‘तिकीट’! आणि ते एखाद्या बाईला मिळालं, की पुढचा प्रश्न ठरलेलाच. ही कुणाची कोण? नवरा कोण, सासरे कोण? हा प्रश्न फक्त आपल्याकडेच विचारला जातो असं वाटत असेल, तर मैत्रिणींनो, जरा शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडकडे बघा.

तिथं १९१८ मध्ये बायकांना संसदेची निवडणूक लढवायचा हक्क मिळाला. त्यानंतर संसदेत प्रत्यक्ष जाऊन बसलेल्या पहिल्या तिघी कोण? नॅन्सी अॅस्टर, मार्गारेट विंट्रिंगहॅम आणि मेबल फिलिपसन. पहिलीचा नवरा वडिलांच्या पश्चात उमरावांच्या सभागृहात गेला, म्हणून प्लिमथची त्याची जागा तिला. दुसरीचा नवरा वारला म्हणून त्याची जागा तिला. तिसरीच्या नवऱ्याची निवड खर्चाच्या घोटाळ्यावरून रद्द झाली, म्हणून ती उभी राहिली. तिघीही कर्तबगार होत्या, यात शंका नाही. पण पक्षाचं दार उघडलं ते नवऱ्याच्या नावानं!

अशा काळात नवरा नाही, पैसा नाही, घराणं नाही, अशी एक बाई केवळ कामाच्या जोरावर तिकीट मिळवते आणि पुढे देशाची शिक्षणमंत्री होते. तिचं नाव एलन विल्किन्सन.

एलनचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा, मँचेस्टरच्या आर्डविक या कामगारवस्तीतला. वडील आधी कापडगिरणीत, नंतर विमा कंपनीचे एजंट. घरात चार मुलं, बेताची मिळकत. पोरगी मात्र भलतीच हुशार. उंची जेमतेम पाच फुटांच्याही आतली, केस तांबडेलाल आणि विचारही लाल, म्हणून पुढे लोक तिला ‘रेड एलन’ म्हणू लागले. सोळाव्या वर्षी ती समाजवादी पक्षाची सभासद झाली आणि शिष्यवृत्ती मिळवून १९१० मध्ये मँचेस्टर विद्यापीठात इतिहास शिकायला गेली.

शिक्षण संपल्यावर १९१३ मध्ये तिनं नोकरी धरली ती बायकांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या संघटनेत. सभा भरवायच्या, पत्रकं वाटायची, दारोदार फिरायचं. थोडक्यात, राजकारणात ज्याला आपण सतरंज्या उचलणं म्हणतो, ते सगळं तिनं केलं. मग १९१५ मध्ये सहकारी दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं तिला बायकांना संघटित करण्याच्या कामावर नेमलं. महायुद्धामुळे पुरुष आघाडीवर गेलेले, दुकानांत बायका आलेल्या. त्यांना बरोबरीचा पगार मिळावा म्हणून ती गावोगाव भांडत हिंडली.

हीच संघटना पुढे तिची खरी शिदोरी ठरली. कशी ते समजायचं, तर तिथली तिकिटाची पद्धत समजून घ्यायला हवी.

मजूर पक्षात उमेदवार ठरवायचा तो मतदारसंघातल्या स्थानिक पक्षानं. त्यात कामगार संघटनांच्या शाखा, वॉर्डांतले सभासद, महिला विभाग अशा सगळ्यांचे प्रतिनिधी असत. शाखांनी नावं सुचवायची, त्यातून मोजक्या नावांची यादी करायची. मग इच्छुकांनी या प्रतिनिधींपुढे भाषण करायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि शेवटी मतदान. लंडनची मान्यता लागे, पण निवड गावाची.

ऐकायला किती छान, नाही? पण यातही मेख होतीच. एखादी मोठी कामगार संघटना उमेदवाराच्या पाठीशी असली, की निवडणुकीचा बराचसा खर्च ती उचलायची. स्थानिक पक्ष गरीब, त्यामुळे असा उमेदवार साहजिकच त्यांना हवासा वाटे. खाणकामगारांचं प्राबल्य असलेल्या जागी खाणकामगारच उभा राहणार, हे जवळपास ठरलेलं. बायका या मोठ्या संघटनांत नव्हत्याच! पक्षाच्या महिला विभागांत लाखाच्या वर बायका होत्या. चहापाणी, वर्गणी, घरोघरचा प्रचार त्यांच्याकडे. जिंकण्यासारखी जागा मात्र पुरुषाकडे. १९२४ च्या निवडणुकीत सगळ्या पक्षांच्या मिळून ४१ बायका उभ्या होत्या. निवडून आल्या फक्त चार.

त्या चारांत मजूर पक्षाची एकटी एलन होती! तिच्या संघटनेनं तिचं नाव पुढे केलं होतं. १९२३ मध्ये ती अॅश्टनला हरली, त्याच वर्षी मँचेस्टरची नगरसेविका झाली आणि १९२४ मध्ये लोखंड-पोलादाच्या मिडल्सब्रो शहरातून संसदेत गेली. तेव्हा तिशीच्या आतल्या बायकांना मताचा हक्कच नव्हता. तो पुरुषांसारखा २१ व्या वर्षी मिळावा म्हणून ती संसदेत भांडली आणि १९२८ मध्ये तो कायदा झाला.

पण १९३१ मध्ये वारं फिरलं. मजूर पक्षाच्या २८७ जागा होत्या, त्या ५२ वर आल्या. एलनही पडली. घरी बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. १९३२ मध्ये इंडिया लीगच्या शिष्टमंडळाबरोबर ती हिंदुस्थानात आली, सुमारे तीन महिने फिरली. गांधीजी तेव्हा पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते, त्यांनाही ती भेटली. त्यांना बाजूला ठेवून हिंदुस्थानचा प्रश्न सुटणार नाही, हे तिला पटलं.

याच सुमाराला ईशान्य इंग्लंडमधल्या जॅरो गावच्या मजूर पक्षानं तिला उमेदवार म्हणून निवडलं. आणि इथून तिच्या आयुष्याचा खरा अध्याय सुरू झाला.

जॅरो म्हणजे पामर यांच्या जहाज कारखान्याचं गाव. एके काळी कारखान्याचे मालकच गावचे पहिले महापौर आणि खासदारही. १९०७ मध्ये ती जागा पहिल्यांदा मजूर पक्षाकडे आली. पुढे मंदीत जहाज कंपन्यांनी मिळून संस्था काढली, जास्तीचे कारखाने विकत घेऊन बंद करण्यासाठी. जॅरोचाही बंद झाला. वर चाळीस वर्षं तिथं जहाज बांधायचं नाही अशी अट! कामकऱ्यांपैकी दहांतले सात जण बेकार. अशा घरातल्या बाईची कल्पना करा. चूल पेटवायची कशावर?

एलन अजून नुसती उमेदवार होती, तेव्हाच १९३४ मध्ये या बेकारांना घेऊन ती पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांच्या मतदारसंघात, सीहॅमला जाऊन धडकली. निवडून आल्यावर बघू, असं तिनं म्हटलं नाही. १९३५ मध्ये ती निवडून आली. गंमत म्हणजे, याही वेळी मजूर पक्षाची एकटी बाई तीच!

मग ऑक्टोबर १९३६. जॅरोच्या नगरपालिकेनं ठरवलं की २०० माणसांनी चालत लंडनला जायचं, जवळजवळ तीनशे मैल. सुमारे अकरा हजार सह्यांचा अर्ज ओकच्या पेटीत घालून घेतला. हा मोर्चा कुठल्या एका पक्षाचा नव्हता. मजूर आणि काँझर्व्हेटिव्ह, दोन्ही पक्षांचे स्थानिक एजंट जोडीनं पुढे जाऊन मुक्कामाची, जेवणाची सोय लावत. एरवी निवडणुकीत एकमेकांचे उमेदवार पाडायला टपलेली ही माणसं! मोर्चात गावच्या बायकांना घेतलं नव्हतं. एलन मात्र जमेल तितकी वाट त्यांच्याबरोबर चालली.

आणि तिचा स्वतःचा पक्ष? पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या वरच्या मंडळींना असले मोर्चे नको होते. त्यात कम्युनिस्ट शिरतील अशी त्यांना भीती. पाठिंबा देऊ नका, असा निरोप वाटेतल्या शाखांना गेला. चेस्टरफील्डला मजूर पक्षाच्या लोकांनी तो पाळला, तर गरम जेवण आणि झोपायला जागा दिली ती काँझर्व्हेटिव्हांनी! एलन मध्येच एडिंबराच्या पक्ष अधिवेशनाला जाऊन आली. तिथं तिला टीकाच ऐकावी लागली. ती परत आली आणि पुन्हा मोर्चात चालू लागली.

मला तिच्या आयुष्यातली ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. तिकीट वरून आलं असतं, तर तिनं वर बघितलं असतं. तिला निवडलं होतं गावानं, ती गावाकडे बघत राहिली.

३१ ऑक्टोबरला मोर्चा लंडनला पोचला. ४ नोव्हेंबरला एलननं तो अर्ज संसदेत मांडला. पंतप्रधान बाल्डविन भेटलेसुद्धा नाहीत. हाती काही लागलं नाही आणि माणसं आगगाडीनं घरी परतली. चालत होतात म्हणजे कामाला उपलब्ध नव्हतात, असं म्हणून त्यांचा बेकारभत्ताही कापला! एलन मात्र गप्प बसली नाही. जॅरोची ही कहाणी तिनं १९३९ मध्ये पुस्तक लिहून देशापुढे ठेवली.

त्याआधी १९३८ मध्ये तिनं आणखी एक काम केलं, आपल्या जिव्हाळ्याचं. हप्त्यानं घेतलेल्या वस्तूचे बहुतेक पैसे भरून झाले आणि एखादा हप्ता चुकला, तर दुकानदार पलंग-शिलाईयंत्र उचलून नेत. त्याला आळा घालणारा कायदा तिनं मंजूर करून घेतला. गरीब घरची चूल जिला ठाऊक, तिलाच हे सुचणार!

१९४५ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि एलन ब्रिटनची पहिली महिला शिक्षणमंत्री झाली. अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून मुलांना वेगवेगळ्या शाळांत वाटायची पद्धत तिनं बदलली नाही, हा आक्षेप तिच्यावर घेतला जातो आणि तो खराही आहे. पण शाळेत मोफत दूध तिच्याच काळात सुरू झालं. शाळा सोडायचं वय १४ वरून १५ करायचं होतं. पैसे नाहीत, पुढे ढकला, असं मंत्रिमंडळात घाटत होतं. आजारी असूनही ती हटली नाही. एप्रिल १९४७ मध्ये ते लागू झालं, पण ते पाहायला ती नव्हती. ६ फेब्रुवारी १९४७ रोजी, ५५ व्या वर्षी ती गेली.

त्या देशात बायकांसाठीची तिकिटाची वाट अजूनही सरळ नव्हती. १९९३ मध्ये मजूर पक्षानं काही जागांवर फक्त बायकांचीच यादी करायची असं ठरवलं, त्यावरून कोर्टकज्जे झाले. तरी १९९७ मध्ये पक्षाच्या १०१ बायका निवडून आल्या. २०२४ मध्ये ६५० खासदारांत २६३ बायका आल्या. आणि एलन? दोनदा आपल्या पक्षाची एकटीच.

म्हणून बाईला तिकीट मिळालं, की ही कुणाची कोण, हे जरूर विचारूया. पण त्याच्या पुढचा प्रश्नही विचारूया. उद्या गावाचं आणि पक्षाचं पटलं नाही, तर ही कुणाबरोबर चालेल?