अंकांच्या वाटा आणि फ्रान्सिस गॉल्टन

एक ते शंभर आकडे मनाशी आणावयास सांगितले, तर बहुतेकांच्या मनात नुसते शब्द किंवा चिन्हे उमटतात. काहींना मात्र आकड्यांची वाट दिसते. ती बारापाशी वळते, पुढे चढणीला लागते, शंभरापलीकडे अंधुक होते. आणि बालपणापासून तिच्यातील एकही वळण ढळलेले नसते. अशा माणसांच्या सांगण्याची पद्धतशीर नोंद प्रथम घेतली ती फ्रान्सिस गॉल्टनने. त्याच्या नावाला पुढे लागलेल्या कलंकामुळे हे काम झाकोळले गेले. परंतु दोहोंचा उगम एकाच स्वभावात असल्याने चरित्रकाराला त्यांची फारकत करता येत नाही.

गॉल्टनचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ रोजी बर्मिंगहॅमजवळ एका सधन कुटुंबात झाला. इरॅस्मस डार्विन हा त्याचा आजोबा, आणि चार्ल्स डार्विन हा सावत्र मामाचा मुलगा. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट टाकून तो केंब्रिजला गणिताकडे वळला. पण तेथे प्रकृती ढासळली आणि १८४४ मध्ये साध्या पदवीवर त्याला समाधान मानावे लागले. पुढे १८६९ च्या आनुवंशिक प्रतिभेवरील ग्रंथात त्याने बुद्धीची तफावत दाखविण्यासाठी केंब्रिजच्या गणित परीक्षेतील गुणांचाच आधार घेतला, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वडिलांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या संपत्तीमुळे पोटापाण्याची विवंचना उरली नाही. १८५० ते १८५२ या काळात त्याने आजच्या नामिबियाच्या प्रदेशात प्रवास केला, हवामानाचे नकाशे काढले. आणि जेथे जाईल तेथे मोजीत राहिला. कंटाळवाण्या सभेत श्रोत्यांची चुळबुळसुद्धा त्याच्या मोजणीतून सुटली नाही. घड्याळ काढले तर लोकांच्या ध्यानात येईल, म्हणून तो आपल्याच श्वासांवर वेळ मोजी. श्रोते रमले की चुळबूळ निम्म्यावर येते, असे त्याने १८८५ मध्ये लिहिले. अवधानासारखी अदृश्य गोष्ट मोजण्याची ही युक्ती विनोदी खरी, पण पोरकट नव्हे.

त्याआधी काही वर्षे त्याने परिचितांना एक साधा प्रश्न विचारला होता: सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवा, ते दिसते काय, स्पष्ट की पुसट, रंगीत की बेरंगी? अनेक शास्त्रज्ञ मित्रांना प्रश्नच निरर्थक वाटला, तर इतर कित्येकांनी बारीकसारीक तपशील सांगितले. शास्त्रज्ञांची प्रतिमाशक्ती दुबळी असते, हा त्याने काढलेला निष्कर्ष पुढील फेरतपासणीत टिकला नाही. मात्र माणसांची मने आतून सारखी नसतात, हे त्याचे मूळ निरीक्षण टिकले.

या चौकशीतूनच संख्याकृती हाती लागल्या. १८८० मध्ये ‘नेचर’मध्ये त्याने त्यांची चित्रे छापली, आणि त्याच वर्षी मानवशास्त्राच्या सभेत अशा आकृती पाहणारी माणसेच श्रोत्यांपुढे उभी केली. त्यांत विख्यात गणनापटूचा मुलगा, बॅरिस्टर जॉर्ज बिडर होता. तीस पुरुषांत एक व पंधरा स्त्रियांत एक, असे प्रमाण गॉल्टनने सांगितले. बारापर्यंतचे वळण घड्याळाच्या तबकडीवरून आले असावे, हेही त्याच्या ध्यानात आले. (त्याची साक्ष इंग्रजी भाषकांची. आपल्याकडे एकोणीस हा शब्द आधीच विसाकडे पाहत असतो. तेथे वाट कशी वळते, हे कोणीतरी मराठी मुलांना विचारावयास हवे.)

शतकभराने, १९९३ मध्ये, फ्रान्समधील स्तानिस्लास देहान व सहकाऱ्यांनी दाखविले की अशी वाट न दिसणाऱ्यांच्या मनातही तिचा माग असतो: लहान अंकांना डावा हात, मोठ्यांना उजवा हात लवकर प्रतिसाद देतो. १९९८ च्या एका प्रयोगात अंक घड्याळावरील तास म्हणून कल्पिताच ही दिशा उलटली. गॉल्टनची तबकडी अशी पुन्हा पुढे आली. मेंदूच्या उजव्या भागाला इजा होऊन डावीकडचे अवधान हरपलेले रुग्ण दोन आणि सहा यांच्या मध्यावर पाच आहे असे सांगतात, हे २००२ मध्ये दिसून आले. याउलट, नुसता अंक पाहिल्यानेच अवधान डावीउजवीकडे सरकते, हा २००३ चा बहुचर्चित दावा अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या २०२० च्या पडताळणीत उभा राहिला नाही.

गॉल्टनचे कुतूहल पुढेही शमले नाही. १८९४ मध्ये त्याने वासांनी बेरीज-वजाबाकी करून पाहिली: पेपरमिंटचे दोन झुळके म्हणजे कापराचा एक. परंतु ज्या १८८३ च्या ग्रंथात संख्याकृतींची चित्रे आहेत, त्याच ग्रंथात सुप्रजननशास्त्रासाठी त्याने घडविलेला इंग्रजी शब्दही प्रथम आला. संख्याकृतींचा कल कुळातून येतो असे त्याला वाटे, आणि बुद्धी व शीलही तसेच. आकृतींच्या बाबतीत त्याने कोणाची वाट चांगली, कोणाची वाईट, असे म्हटले नाही. माणसांच्या बाबतीत मात्र ही प्रतवारी त्याने निःशंकपणे केली, आणि वरच्या प्रतीची संतती वाढावी असा पुरस्कार केला. त्याच्या पश्चात अमेरिकेतील अनेक राज्यांत आणि १९३३ नंतर नाझी जर्मनीत याच विचाराच्या नावाने सक्तीची नसबंदी झाली.

१९०९ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. १७ जानेवारी १९११ रोजी हॅसलमिअर येथे तो वारला. त्याच्या देणगीतून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सुप्रजननशास्त्राचे अध्यासन निघाले व कार्ल पिअर्सन तेथे पहिला प्राध्यापक झाला. २०२० मध्ये त्याच महाविद्यालयाने आपल्या व्याख्यानगृहावरील गॉल्टनचे नाव उतरविले.