थेंबाचा हिशोब : रॉबर्ट बॉश

मुलांनो, मालाने भरलेला ट्रक घाट चढताना तुम्ही पाहिला असेल. चढ सुरू झाला की इंजिनाचा आवाज बदलतो. ड्रायव्हर पायाने दाब वाढवतो आणि दहा-बारा टनांचे ओझे हळूहळू वर सरकू लागते. त्या वेळी इंजिनाच्या पोटात काय चालले असते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

पेट्रोलच्या इंजिनात विजेची ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात अशी ठिणगी नसतेच. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. हवा दाबली की ती तापते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्यात डिझेलचा फवारा उडताच तो आपोआप पेट घेतो. पण हा फवारा नेमक्या क्षणी आणि नेमक्या मापात उडाला पाहिजे. ते काम एक छोटासा पंप करतो. हा पंप ट्रकमध्ये बसवता येईल असा करून तो जगभर पोचवणारा माणूस म्हणजे रॉबर्ट बॉश. आज आपण त्यांचीच ओळख करून घेऊ.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक या गावी झाला. बारा भावंडांत त्यांचा अकरावा क्रमांक. वडील शेती करत आणि प्रवाशांसाठी खाणावळ चालवत. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. शाळा संपल्यावर रॉबर्ट यंत्रकाम शिकण्यासाठी उल्ममधल्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागला. परंतु त्या उस्तादाचे शिकाऊ मुलांकडे लक्षच नसे. तीन वर्षे गेली, पण मन लावून शिकवणारे कोणी भेटले नाही. ही खंत त्यांच्या मनात कायमची राहिली. तिचे पुढे काय झाले, ते तुम्हांला कळेलच.

यानंतर सुमारे सात वर्षे ते गावोगावी काम करत हिंडले. अमेरिकेत जाऊन त्यांनी एडिसन यांच्या कारखान्यात काम केले. इंग्लंडमध्येही काही काळ नोकरी केली. 15 नोव्हेंबर 1886 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी श्टुटगार्ट शहरात स्वतःचे छोटे दुकान उघडले. मदतीला एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा होता. टेलिफोन दुरुस्त करणे, विजेच्या घंटा बसवणे, अशी मिळतील ती कामे ते करत. गिऱ्हाइकांकडे ते सायकलवरून जात. पहिली काही वर्षे कर्ज आणि काळजी यांतच गेली.

मग एक वेगळे काम आले. एका गिऱ्हाइकाला एका जागी बसवायच्या इंजिनासाठी ठिणगी पाडणारे यंत्र हवे होते. त्याला मॅग्नेटो म्हणतात. बॉश यांनी ते 1887 मध्ये बनवून दिले. 1897 मध्ये त्यांच्या दुकानात असा मॅग्नेटो प्रथमच मोटारगाडीला बसवण्यात आला. 1902 मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी त्यात मोठी सुधारणा केली. पाहता पाहता लहानशा दुकानाचा मोठा कारखाना झाला आणि बॉश यांचा माल देशोदेशी जाऊ लागला.

पैसा आला, पण उमेदवारीचे दिवस ते विसरले नाहीत. कारखान्यात दहा-दहा तास काम करून घेण्याचा तो काळ होता. बॉश यांनी 1906 मध्येच आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. थकलेल्या हातांकडून बारीक काम नीट होत नाही, हे ते जाणून होते. 1913 मध्ये त्यांनी शिकाऊ मुलांसाठी स्वतंत्र विभाग काढला. स्वतःला जे शिक्षण मिळाले नव्हते, ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना दिले.

आता डिझेलच्या पंपाकडे वळू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराचे इंजिन 1897 मध्ये यशस्वी झाले होते. ते कमी इंधनात जास्त काम करी. मग ते लगेच गाड्यांत का आले नाही? कारण त्यात इंधन आत फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि ती हवा तयार करायला वेगळे, अवजड यंत्र जोडावे लागे. कारखान्यात किंवा जहाजावर हे चालून जाई. ट्रकवर एवढे ओझे कोठे ठेवणार? 1913 मध्ये रुडॉल्फ डिझेल समुद्रप्रवासात नाहीसे झाले. त्यांचे इंजिन ट्रकला बसलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

1922 च्या अखेरीस बॉश यांच्या कारखान्याने या प्रश्नाला हात घातला. तेव्हा बॉश एकसष्ट वर्षांचे होते. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. त्यांची सारी भरभराट ठिणगीच्या यंत्रावर उभी होती आणि डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही! डिझेलचे ट्रक वाढले, तर त्यांचा मॅग्नेटो कोण घेणार? दुसरा एखादा धनी डिझेलपासून दूरच राहिला असता. बॉश यांनी उलट विचार केला. उद्या जे येणारच आहे, त्याच्या तयारीला आजच लागावे, असे त्यांनी ठरवले.

हे काम सोपे नव्हते. ट्रकच्या इंजिनाला एका वेळी एक-दोन थेंबांइतकेच डिझेल लागते. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 750 वेळा फवारा उडतो. सहा सिलिंडर असतील, तर मिनिटाला 4500 फवारे! त्यांतला प्रत्येक फवारा सारख्या मापाचा हवा. शिवाय आतली हवा आधीच दाबलेली असते. तिच्यात शिरायचे, तर डिझेलला त्याहून कितीतरी जास्त दाब द्यावा लागतो.

बॉश यांच्या इंजिनिअरांनी पंपाचे कितीतरी नमुने करून पाहिले. शेवटी जो नमुना पसंत पडला, त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एक नळी आणि तिच्यात वरखाली होणारा पोलादी दांडा असतो. नळीला बॅरल आणि दांड्याला प्लंजर म्हणतात. या दोहोंमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. आपला केससुद्धा तिच्या कित्येक पट जाड असतो. म्हणून प्रत्येक दांडा त्याच्या नळीत घासून जुळवतात. एकदा जमलेली जोडी पुन्हा मोडत नाहीत. दांड्यावर एक तिरकी खाच असते. ड्रायव्हरने पाय दाबला की दांडा थोडा फिरतो आणि खाचेच्या जागेनुसार जास्त किंवा कमी डिझेल पुढे जाते. इंजिन मर्यादेबाहेर पळू लागले, तर गव्हर्नर नावाचा भाग डिझेल आपोआप कमी करतो.

अशा कामाला अनेक वर्षे लागली. मधल्या काळात जर्मनीत पैशाची किंमत कोसळली. त्यानंतर मोटारींच्या धंद्यात मंदी आली आणि बॉश यांना कामगार कमी करावे लागले. तरीही पंपाचे काम थांबले नाही. अखेर 1927 मध्ये कारखान्यात पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले. ट्रक बनवणारे कारखाने हा तयार पंप विकत घेऊन आपल्या इंजिनाला बसवू लागले. 1936 मध्ये मर्सिडीज-बेंझची डिझेलवर चालणारी मोटार आली. तिच्यातही बॉश यांचाच पंप होता.

मुलांनो, इंजिन एकाचे आणि पंप दुसऱ्याचा, असे झाले की जबाबदारी वाढते. जुन्या बनावटीच्या ट्रकचा पंप झिजला आणि मालक बाजारातून दुसरा आणायला निघाला, तर जाणता मिस्त्री त्याला आधी जुन्या पंपावरची पट्टी वाचायला सांगतो. पंप किती सिलिंडरांचा आहे? तो कोणत्या दिशेने फिरतो? कोणत्या सिलिंडरनंतर कोणत्या सिलिंडरला डिझेल देतो? त्याचा गव्हर्नर किती फेऱ्यांवर इंजिनाला आवरतो? हे सारे जुळले, तरच तो पंप त्या इंजिनाचा. जास्त डिझेल फेकणारा पंप बसवला की ट्रक जास्त ओढेल, असे काहींना वाटते. पण आत हवा पुरली नाही, तर वाढीव डिझेल पुरते जळत नाही. मग काळा धूर निघतो, इंजिन अतोनात तापते आणि पिस्टन खराब होतो.

बसवतानाही घाई चालत नाही. आधी नळ्या आणि पंपाभोवतालची जागा स्वच्छ पुसतात, डिझेलचा फिल्टर बदलतात. धुळीचा एक कणदेखील त्या बारीक फटीला ओरखडा पाडू शकतो. नंतर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन ठरलेल्या जागी आणून इंजिनावरची खूण आणि पंपावरची खूण जुळवतात. याला टायमिंग लावणे म्हणतात. फवारा लवकर उडाला तर इंजिन ठोके देते. उशिरा उडाला तर ताकद कमी होते आणि धूर होतो. शेवटी नळ्यांतली हवा काढून टाकतात, कारण हवा दाबली जाते, पण फवारा उडत नाही. डिझेल किती जावे, हे मात्र अंदाजाने ठरवत नाहीत. त्यासाठी पंप खास यंत्रावर चालवून मोजतात आणि मग तो स्क्रू सीलबंद करतात. हे सील तोडून डिझेल वाढवणे म्हणजे इंजिनाशी बेइमानी करणेच होय. बसवणाऱ्याला काम नीट यावे, यासाठी बॉश यांच्या नावाने सेवा देणारी दुरुस्तीची दुकानेही निघाली. असे पहिले दुकान 1921 मध्ये हँबुर्ग शहरात सुरू झाले होते.

बॉश यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे मात्र कठीण होती. 1933 मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. बॉश यांना ती मुळीच पसंत नव्हती. छळ होणाऱ्या ज्यू लोकांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मदत केली. हिटलरच्या विरोधकांनाही आश्रय दिला. पण त्याच वेळी त्यांच्या कारखान्यांत युद्धाचे सामान तयार होत होते. दुसऱ्या महायुद्धात तेथे हजारो परक्या माणसांकडून सक्तीने काम करून घेण्यात आले. ज्या कारखान्याने 1906 मध्येच आठ तासांचा दिवस आणला, तेथेच हे घडले. थोर माणसाच्या चरित्रातले असे पानही आपण डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे.

12 मार्च 1942 रोजी श्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांचे निधन झाले. आपल्या पैशातून त्यांनी शिक्षणाला मदत केली होती आणि श्टुटगार्टमध्ये रुग्णालय उभारले होते. त्यांच्या इच्छेनुसार पुढे 1964 मध्ये कंपनीची बहुतेक मालकी एका सेवाभावी संस्थेकडे गेली.

भारतात 1951 मध्ये बंगळूर येथे बॉश यांच्या कंपनीच्या सहकार्याने मायको ही कंपनी निघाली. डिझेलचे पंप आता आपल्या देशातही तयार होऊ लागले. पुढे आपल्या नाशिकलाही तिचा कारखाना झाला. डिझेलचा फवारा उडवणारे भाग तेथे बनू लागले. 2008 मध्ये मायकोचे नाव बदलून बॉश असे झाले. नव्या ट्रकमध्ये आता डिझेलचे माप इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठेवते. तरी नेमक्या क्षणी नेमके डिझेल देण्याचा नियम तोच आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या गॅरेजमध्ये काम शिकेल, कोणी इंजिनिअर होईल, तर कोणी शिक्षक होईल. पंपाच्या आतली फट कोणाला दिसत नाही. ट्रक विकत घेणारा ती उघडून पाहत नाही. तरीही घाटात ट्रक चढतो की थांबतो, हे त्या फटीवरच ठरते. जेथे कोणी पाहत नाही, तेथेही काम चोख असावे. आणि आपल्याला ज्याची उणीव भासली, ते मागून येणाऱ्यांना द्यावे. उल्ममधल्या त्या दुकानात जे शिकायला मिळाले नाही, ते बॉश यांनी असे आयुष्यभर करून दाखवले.