सरकारी तिजोरीचा हिशेब मागणारे बाबासाहेब

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार आणि आपले मुक्तिदाते म्हणून घराघरांत वंदनीय आहेत. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब मात्र आजही अनेकांना अपरिचित आहेत. सरकार पैसा कोणाकडून घेते आणि तो कोणासाठी खर्च करते, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. राज्याचा पैसा योग्य ठिकाणी पोहोचला तर काय घडते, याचे ते स्वतःच उदाहरण होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तव्यवहाराचा अभ्यास केला. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध 1925 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी महाराजा सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला.

या विद्वत्तेचा उपयोग त्यांनी उपेक्षितांसाठी केला. 1927 साली ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. 12 मार्च रोजी शिक्षणाच्या तरतुदीवर बोलताना त्यांनी सरकारपुढे दोन आकडे ठेवले. शिक्षणावरील खर्च दरडोई 14 आणे, तर अबकारी करातून होणारी वसुली दरडोई 2 रुपये 2 आणे 9 पै. दारूच्या वाटेने जेवढे घेता, निदान तेवढे तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. तळच्या वर्गांसाठी शिक्षण शक्य तितके स्वस्त असावे, असा त्यांचा आग्रह होता.

त्यानंतर आठच दिवसांनी, 20 मार्च रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सार्वजनिक होते, तशी तिजोरीही सार्वजनिक होती. दोन्हींवर अस्पृश्यांचा हक्क इतरांइतकाच होता. तो मागताना त्यांनी याचना केली नाही.

1928 मध्ये स्त्री कामगारांच्या प्रसूतिकाळातील लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित असल्याने त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांनी मांडले. त्याच वर्षी दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी त्यांनी शिक्षणसंस्था स्थापन केली. 1942 पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी पाठपुरावा केला, आणि केंद्र सरकारने दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मंजूर केल्या. पुढे अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक व आर्थिक हितसंवर्धनाची जबाबदारी संविधानाच्या 46व्या कलमाने राज्यावर टाकली.

बाबासाहेबांचा आग्रह केवळ अधिक खर्चापुरता नव्हता. सरकारी जमाखर्च तपासणारा महालेखापरीक्षक हा त्यांच्या मते संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होता. मंजूर झालेला पैसा ठरलेल्या कामासाठीच वापरला जावा, याविषयी ते तितकेच दक्ष होते. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

टोकावड्याच्या परिसरात, मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांवर, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि बौद्ध कुटुंबांतील कित्येक मुलांचे शिक्षण आजही वसतिगृह आणि शिष्यवृत्तीच्या आधाराने चालते. शिष्यवृत्ती लांबली की मुलगी घरी परतते आणि पुष्कळदा पुन्हा शाळेत येत नाही. अशा वेळी पालकांनी संकोचाने गप्प बसू नये. काडेपेटीसारख्या रोजच्या वस्तूंवर कर भरणारा मजूर सरकारी तिजोरीत भर घालतच असतो. मुलांच्या शिक्षणावरील खर्च हे सरकारचे उपकार नव्हेत.

त्याचबरोबर शासनाचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपला जमाखर्च समाजापुढे उघडा ठेवला पाहिजे. हक्क मागणाऱ्याने हिशेबही द्यावा, हीच बाबासाहेबांची शिकवण आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेत अंदाजपत्रक मागून वाचावे आणि त्यावर प्रश्न विचारावेत. त्यांना तेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!